बाकावरचा सहावा

पंगतीत पहिले पान कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजात भोजनाचा कधीच नव्हता. तो मानाचा होता. दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात तेच अन्न पडते. किंबहुना वाढप्यांची धांदल ओसरल्यामुळे कधी कधी ते अधिक स्वस्थपणे पडते. तरीही पहिल्या पंगतीतून उठवले गेल्याचा सल आयुष्यभर उराशी बाळगणारी माणसे प्रत्येक कुळात सापडतील. आपण सरकारी नोकर पंगतीच्या जागी ज्येष्ठतासूची मानतो, एवढाच काय तो फरक. आरंभी कोणाला उभे करावे आणि कोणाला बसवावे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्यावर कोणते नैतिक बंधन असते, हा प्रश्न माझ्या मनात काही वर्षे घोळतो आहे. आश्चर्य असे की, तो मला स्वच्छ दिसला तो कार्यालयात नव्हे, एका परक्या देशाच्या खेळात.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. कार्यालयाची बस येण्यापूर्वी चहाच्या पेल्यासोबत ते पाहण्याची सवय मला नोकरीच्या पहिल्या वर्षांत जडली. सामना बारा बारा मिनिटांच्या चार भागांचा, एकंदर ४८ मिनिटांचा. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू. बाकीचे कडेच्या बाकावर. फुटबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला गडी परत येत नाही. येथे तसे नाही. बदल कितीही करता येतात आणि बसवलेला पुन्हा उठवता येतो. त्यामुळे प्रशिक्षकाला निवड एकदाच करून मोकळे होता येत नाही. प्रत्येक दोन-चार मिनिटांनी त्याला कोणाला तरी ‘ये’ आणि कोणाला तरी ‘बस’ म्हणावे लागते.

तरीही पहिल्या पाचांचे महत्त्व निराळेच आहे. यजमान संघाच्या मैदानावर सामन्यापूर्वी दिवे मंद होतात आणि ध्वनिक्षेपकावरून एकेकाचे नाव पुकारले जाते. ती नावे पाचच असतात. सहाव्या मिनिटाला मैदानात उतरून सामना जिंकून देणाराचे नाव त्या पुकाऱ्यात नसते. हा मान केवळ शोभेचा आहे असेही नाही. तरुण खेळाडूंच्या करारासंबंधीच्या नियमांत, हंगामात ४१ सामन्यांत पहिल्या पाचांत असणे किंवा २,००० मिनिटे खेळणे अशी एक कसोटी आहे, आणि तिच्यावर पुढील प्रस्तावाची रक्कम अवलंबून राहू शकते. म्हणजे तेथेही पंगत आणि पगार यांचा संबंध सर्वस्वी तुटलेला नाही.

या मानाच्या कल्पनेला पहिला मोठा धक्का दिला तो बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आवरबॅक यांनी. १९५० ते १९६६ या काळात त्यांनी तो संघ घडवला आणि नऊ विजेतेपदे मिळवली. संघातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाला त्यांनी मुद्दाम बाकावर ठेवले. हिशेब साधा होता. काही मिनिटांनी प्रतिपक्षाचे पहिले पाच दमू लागतात. त्या क्षणी ताजा आणि कसलेला गडी आत आला तर तराजू झुकतो. फ्रँक रॅम्झी हा असा पहिला ‘सहावा’. त्याच्यामागून १९६२ साली आलेला जॉन हॅवलिचेक याने आरंभीची अनेक वर्षे हेच काम केले आणि अखेरीस २६,३९५ गुणांची कमाई करून तो त्या संघाच्या इतिहासात सर्वांच्या पुढे गेला. १९८२–८३च्या हंगामापासून तर अशा सहाव्यासाठी स्वतंत्र पुरस्कारच सुरू झाला.

याच आवरबॅकांच्या हातून आणखी एक गोष्ट घडली. २६ डिसेंबर १९६४ रोजी सेंट लुईस येथील सामन्यात जायबंदी झालेल्या एका गोऱ्या खेळाडूच्या जागी त्यांनी विली नॉल्सला उतरवले आणि त्या व्यावसायिक स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच एखाद्या संघाचे पहिले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. आज हे वाचताना आपल्याला नवल वाटते ते यात नोंदण्यासारखे काही होते याचेच. पाच नावांची एक यादी. परंतु ती करणाराच्या मनात गुण, वय, वर्ण, लोभ, भय यांपैकी काय होते, हे तिच्यातून वाचता येते.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात विचारले आहे की, उत्तम बासऱ्या कोणाला द्याव्यात? त्याचे उत्तर असे की, कुलीनाला नव्हे, रूपवानाला नव्हे. जो उत्तम वाजवतो त्याला. ज्येष्ठतेपेक्षा गुणाला मान द्यावा, असे म्हणणारे आपण सारे या उत्तराचे वारसदार आहोत. परंतु बाकावरच्या सहाव्याचे कोडे या उत्तराने सुटत नाही. येथे उत्तम वादकालाच सांगितले जाते की, बासरी तुझीच आहे, पण मैफल दुसरा सुरू करील; तू थांब, कारण तू नंतर आलास तरी मैफल सावरशील, त्याला ते जमणार नाही. ज्याच्या अंगी गुण आहे त्याच्याच वाट्याला त्याग येतो, आणि तोही त्या गुणामुळेच. ज्या कारकुनाचे टिपण चांगले त्याच्याच मेजावर अवघड फायलींचा ढीग चढतो, हे आपणा वाचकांना निराळे सांगायला नको.

२०१४ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे प्रशिक्षकपद स्टीव्ह कर यांच्याकडे आले. संघात आंद्रे इग्वोडाला नावाचा अनुभवी खेळाडू होता. तोवरच्या कारकिर्दीत तो ७५८ सामने खेळला होता आणि त्यांतील प्रत्येक सामन्यात तो पहिल्या पाचांत होता. नव्या प्रशिक्षकांनी त्याला बाकावर बसण्यास सांगितले आणि त्याची जागा हॅरिसन बार्न्स या त्याच्याहून कितीतरी तरुण गड्याला दिली. इग्वोडाला बसला. त्या हंगामात साखळीतील एकाही सामन्यात तो पहिल्या पाचांत नव्हता.

पुढे जून २०१५ मध्ये अंतिम झुंज क्लीव्हलंडशी झाली. तीन सामन्यांनंतर वॉरियर्स एक विरुद्ध दोन असे मागे पडले. तेव्हा निक यूरेन नावाच्या, अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या एका साहाय्यकाने आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यांची चित्रफीत पाहता पाहता एक कल्पना काढली. सात फुटी अँड्र्यू बोगट याला बसवावे, इग्वोडालाला आरंभापासून उतरवावे आणि उंचीऐवजी वेगावर भिस्त ठेवावी. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याने ती प्रशिक्षकांना कळवली आणि त्यांनी ती स्वीकारली. चौथा सामना वॉरियर्सने १०३–८२ असा जिंकला, नंतरचे दोन्ही जिंकले, आणि त्या अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान इग्वोडालाला मिळाला. बोगट शेवटच्या दोन सामन्यांत मैदानात उतरलाच नाही.

या कथेत एक खडा आहे. चौथ्या सामन्यापूर्वी वार्ताहरांनी स्टीव्ह कर यांना विचारले होते, पहिल्या पाचांत बदल आहे काय? त्यांनी नाही म्हणून सांगितले. सामन्यानंतर त्यांनी सरळ कबूल केले की आपण खोटे बोललो. विजयचषक काही नीतिमत्तेवर मिळत नाही, अशा अर्थाची पुस्तीही त्यांनी जोडली. हे मी वाचले तेव्हा हसलो होतो. पुढे एका प्रसंगाने ते हसू माझ्यावरच उलटले.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या कक्षात संसदेच्या प्रश्नांना द्यावयाच्या उत्तरांचे मसुदे एक वयोवृद्ध सहकारी करीत असत. ते उत्तरेकडचे; सारा कक्ष त्यांना ‘बडे बाबू’ म्हणे. ते काम कित्येक वर्षे त्यांच्याकडे होते आणि अधिवेशनाच्या दिवसांत त्यांच्या मेजाभोवती जी वर्दळ असे तिचा त्यांना निरागस अभिमान होता. एका अधिवेशनात दोन उत्तरे वेळेवर गेली नाहीत. अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, काय करावे? मी म्हणालो, मसुदे काही दिवस माझ्याकडे द्यावेत आणि बडे बाबूंकडे जुन्या नस्त्या द्याव्यात. सूचना योग्य होती असे मला आजही वाटते. तीत माझ्या महत्त्वाकांक्षेचा अंश मुळीच नव्हता, असे मात्र शपथेवर सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी फायली माझ्या मेजावर आल्या. बडे बाबू आले, त्यांनी आपला रिकामा ट्रे पाहिला, चष्मा काढून पुसला, आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारले, “साहेब काही म्हणाले होते का?”

मी म्हणालो, “मला काही कल्पना नाही, बडे बाबू.”

काम वेळेवर होऊ लागले. माझी प्रशंसा झाली. बडे बाबूंचा पगार एका पैशाने कमी झाला नाही. केवळ परिणामांचा हिशेब मांडला तर जमेची बाजूच भरते. मग बोचत काय होते? मी स्वतःची समजूत अशी घालत असे की, कारण सांगितले असते तर वृद्ध माणसाचा अपमान झाला असता. मौन हीच दया होती. परंतु अशा दयेचा लाभ बहुधा मौन पाळणारालाच होतो. त्याचा एक अवघड क्षण टळतो, एवढेच. बसवलेला माणूस पुढील कित्येक रात्री त्या मौनाचे अर्थ लावीत बसतो, आणि त्याने लावलेला प्रत्येक अर्थ सत्याहून क्रूर असतो.

स्टीव्ह कर यांचे असत्य आणि माझे असत्य यांतील अंतर मला तेव्हा उमगले. त्यांचे असत्य प्रतिपक्षाच्या कानावर जाण्यासाठी होते. डावपेच लपवणे हे खेळात दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. तेही निर्दोष होते असे मी म्हणत नाही. प्रश्न विचारणारे वार्ताहर काही प्रतिपक्ष नव्हते. पण माझे असत्य माझ्याच बाकावरच्या माणसाशी होते. इमॅन्युएल कांट याने १७८५ साली सांगून ठेवले की, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. ‘केवळ’ या शब्दावर सारा भार आहे. संघात, कार्यालयात, कुटुंबातही आपण एकमेकांची साधने असतोच. परंतु ज्याचा उपयोग करून घ्यायचा, किंवा उपयोग थांबवायचा, त्याला कारण सांगितले म्हणजे तो त्या निर्णयात निदान श्रोता म्हणून तरी सहभागी होतो. कारण न सांगता हलवली जाते ती खुर्ची.

यावर कोणी म्हणेल, चालू सामन्यात प्रत्येक बदलाचे कारण सांगत बसायला वेळ कोठे असतो? हे खरे आहे. म्हणूनच हे ऋण आधी फेडावे लागते. इग्वोडालाशी बोलणे झाले ते हंगामाच्या आरंभी, शिटी वाजण्याच्या कितीतरी आधी. अंतिम विजयानंतर स्टीव्ह कर यांनीच बोलून दाखवले की, आमच्या हंगामाची सुरुवात याच्या त्यागाने झाली होती, तेव्हा हा मान त्यालाच मिळावा हे उचित आहे. म्हणजे कारण आधी सांगितले गेले आणि श्रेय नंतर चारचौघांत दिले गेले.

तिसरे एक देणे आहे, ते आशेचे. आपल्या खो-खोत आठ गडी ओळीने उकिडवे बसलेले असतात. परंतु त्यांना कोणी बसवलेले म्हणत नाही, कारण कोणत्याही क्षणी पाठीवर थाप पडून ‘खो’ मिळेल हे त्यांना ठाऊक असते. त्यांचे बसणे हाच खेळ असतो. बाक दुःसह होतो तो ‘खो’ येण्याची शक्यता संपते तेव्हा. कारण, श्रेय आणि आशा ही तिन्ही देणी जो चुकवतो त्याने वाटेल त्याला बसवावे. त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा उरत नाही. जो ती चुकवीत नाही त्याचा निर्णय अचूक ठरला तरी तो ऋणकोच राहतो. आणि एखाद्या दिवशी बोगटसारखा गडी विजयी संघातही बाकावरच राहून जातो; त्याच्या बाबतीत तर ही देणी अधिकच जपून द्यायला हवीत, कारण विजयाच्या गलबल्यात ती विसरणे सर्वांत सोपे असते.

बडे बाबू गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाले. निरोपाच्या चहानंतर त्यांनी मला एक जाडजूड नोंदवही दिली. जुन्या अधिवेशनांतील प्रश्न, त्यांना दिलेली उत्तरे, कोणती माहिती कोणत्या शाखेकडून किती दिवसांत येते, कोठे शब्द जपून वापरावा लागतो, हे सारे तीत बारीक अक्षरात विषयवार लिहिले होते. ती वही हाताशी असती तर पहिल्या दोन अधिवेशनांतले माझे अर्धे श्रम वाचले असते.

मी म्हणालो, “बडे बाबू, ही मला तेव्हाच मिळायला हवी होती.”

ते हसले. “दिली असती, बेटा,” ते म्हणाले, “पण तेव्हा मला कोणी काही सांगितले नाही, आणि काही विचारलेही नाही.”

त्या सकाळी अधिकाऱ्यांना काय सुचवले होते, हे मी त्यांना तेथेच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले की, सूचना बरोबर होती. मग पिशवी उचलून ते बसच्या रांगेकडे गेले. नोंदवही अजून माझ्या मेजाच्या खणात आहे. नवा मुलगा कक्षात आला की ती मी त्याला दाखवतो, आणि ती कोणाची आहे हे आधी सांगतो.