पगार आणि पोस्त

दिवाळीची पोस्त देताना माणसाला एक निराळेच सुख होते. वर्षभर दारात टपाल टाकणाऱ्या, जिना झाडणाऱ्या माणसाच्या हातावर आपण चार पैसे ठेवतो. तो हसतो, नमस्कार करतो आणि आपण घटकाभर मोठे होतो. तोच माणूस मार्गशीर्षात येऊन ‘साहेब, माझ्या कामाचे इतके राहिलेत’ असे म्हणाला की मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. रक्कम तेवढीच असेल, कदाचित थोडी कमीच. पण पोस्त आपण देत असतो आणि राहिलेला पगार तो मागत असतो, एवढ्याने आपला चेहरा पालटतो. असे का व्हावे, याचा विचार मी बरीच वर्षे करीत आलो आहे. आणि हा विचार मला दर वेळी जेथे नेऊन सोडतो ते ठिकाण फराळाच्या ताटापासून फार लांबचे आहे. ते म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील नॉर्वेची व्यापारी जहाजे.

नॉर्वे हा देश केवढा? १९४० साली त्याची लोकसंख्या सुमारे तीस लाख. पण व्यापारी जहाजांच्या बाबतीत जगात त्याचा चौथा क्रमांक होता. उत्तरेकडची खडकाळ जमीन पोटाला पुरेशी देत नाही, तेव्हा ती माणसे पिढ्यान् पिढ्या समुद्रावर पोट भरीत आली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. त्या दिवशी नॉर्वेची सुमारे एक हजार जहाजे आणि तीस हजारांच्या आसपास खलाशी परमुलखाच्या समुद्रांवर होते. जर्मनांनी आणि त्यांच्या बाजूला गेलेल्या क्विसलिंगने नभोवाणीवरून हुकूम सोडले की जहाजे स्वदेशी परत आणा, नाही तर जवळच्या तटस्थ बंदरात न्या. बाहेर असलेल्या एकाही कप्तानाने तो मानला नाही, असे सांगतात. राजा हाकोन आणि त्यांचे सरकार जूनमध्ये लंडनला गेले. त्याआधीच, एप्रिलमध्ये, या सगळ्या जहाजांचा कारभार पाहण्यासाठी तेथे ‘नॉर्ट्राशिप’ नावाची संस्था उभी राहिली होती. एका हुकमाने सारी जहाजे सरकारच्या ताब्यात आली आणि इंग्लंडची रसद, विशेषतः तेल, वाहू लागली.

येथे एक गोष्ट मोकळेपणी सांगितली पाहिजे. त्या खलाशांपुढे सगळे रस्ते खुले होते आणि त्यांतून त्यांनी हौतात्म्याचा निवडला, असे काही घडले नाही. घर शत्रूच्या टाचेखाली गेलेले. परत जावे तर शत्रूचा माल वाहावा लागणार. परक्या बंदरात उतरावे तर खाणार काय? बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आपल्या पाळीचे काम सुरू केले, इतकेच. घरी पत्र धाडण्याची सोय नव्हती. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला पाच पाच वर्षे धड कळले नाही. मला या माणसांविषयी जो आदर वाटतो तो त्यांच्या या साधेपणामुळे. शूर होण्याचे त्यांच्या मनात नव्हते. बोट चालवायची होती.

अशी जहाजे तांडा करून जात. वंजाऱ्यांचा बैलांचा तांडा जसा सर्वांत थकलेल्या बैलाच्या चालीने चाले, तसाच हा समुद्रावरचा तांडा सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने चाले. रांगा आखलेल्या, रात्री दिवे मालवलेले, बाजूंना राखण करणाऱ्या लढाऊ बोटी. आणि एक नियम असा की ऐकतानाही अंगावर काटा यावा. शेजारच्या जहाजाला पाणतीर लागला, माणसे पाण्यात पडली, तरी आपल्या जहाजाने थांबायचे नाही. थांबलेले जहाज म्हणजे पाणबुडीला दुसरी शिकार. पुढे तांड्याच्या शेवटी बुडणाऱ्यांना उचलण्यासाठी खास बोटी ठेवू लागले. पण त्या प्रत्येक तांड्याबरोबर नसत. हा नियम ठाऊक असलेला माणूस पुढच्या फेरीला पुन्हा त्याच गोदीत जाऊन चढे. कशासाठी चढे? पगारासाठी, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही.

या हजार जहाजांतले एकच घेऊ. ‘टालाबोट’ नावाचे मालवाहू जहाज, १९३६ साली स्वीडनमधील गॉथेनबर्गला बांधलेले, सुमारे ६,८०० टनांचे. मार्च १९४२ मध्ये त्याच्या वाट्याला माल्टाची फेरी आली. भूमध्य समुद्रातले ते चिमुकले बेट इंग्रजांच्या हाती होते आणि इटली-जर्मनीच्या विमानांनी त्याची अशी कोंडी केली होती की तेथे पीठ, रॉकेल, दारूगोळा, सारेच संपत आले होते. २० मार्चला अलेक्झांड्रियाहून चार जहाजे निघाली. त्यांतली तीन ब्रिटिश आणि चौथे टालाबोट. २२ तारखेला सिर्टच्या आखाताजवळ इटलीचे आरमार आडवे आले. त्यात ‘लित्तोरिओ’ ही प्रचंड युद्धनौका होती. अॅडमिरल व्हायन यांच्या हलक्या बोटींनी धुराचा पडदा सोडून आणि वाऱ्याचा फायदा घेऊन तिला दूर ठेवले. लष्करी इतिहासात या झुंजीचे पुष्कळ कौतुक आहे आणि ते योग्यच आहे.

पण त्या झुंजीपायी व्यापारी जहाजांना दक्षिणेकडे वळावे लागले आणि वेळ गेला. उजाडण्यापूर्वी बंदर गाठायचे ते राहिले. २३ मार्चच्या सकाळी भर उजेडात विमानांनी त्यांना गाठले. एक जहाज किनाऱ्यापासून वीसेक मैलांवर बुडाले, दुसरे आणखी जवळ येऊन निकामी झाले. ‘पाम्पास’ आणि ‘टालाबोट’ ही दोनच बंदरात शिरली.

गोष्ट येथे संपती तर शाळेच्या पुस्तकात शोभली असती. ती संपली नाही. माल उतरवण्याच्या कामात ढिलाई झाली (तिच्यावर पुढे भरपूर टीका झाली) आणि २६ मार्चला विमानांनी धक्क्यावरच्या जहाजांना नेमके हेरले. टालाबोट पेटले. त्याच्या पोटात दारूगोळा होता. तो उडता तर बंदर आणि आसपासची वस्ती यांचे काय झाले असते, ते आपल्याला निराळे सांगायला नको. दोनच वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटले. बोट बुडवावी की विझवावी याचा निर्णय वेळेवर झाला नाही, आणि पुढे काय झाले ते मुंबईकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. माल्टात निर्णय झाला. लेफ्टनंट कॉपरव्हीट नावाच्या नाविक अधिकाऱ्याने जहाज बुडवण्याचे ठरले. आगीमुळे जहाजाच्या आत सुरुंग लावता येईनात, म्हणून ते बाहेरच्या बाजूला टांगले. विजेच्या तारा पुरेनात, म्हणून जहाजापासून अवघ्या चाळीस यार्डांवर उघड्यावर उभे राहून त्याने ते उडवले. टालाबोट तळाला गेले, बंदर वाचले. चारही जहाजांवर मिळून सुमारे २६,००० टन माल निघाला होता. त्यांतला सुमारे ५,००० टन तेवढा उतरवून झाला होता.

कॉपरव्हीटला ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला. मिळायलाच हवा होता. पण मला एक विचारावेसे वाटते. हा अधिकारी पगारी होता. आरमार त्याला दरमहा वेतन देई. त्याच्या शौर्याची गोष्ट सांगताना ‘त्याला त्याचा पगार मिळत होताच’ असे कोणी म्हटले आहे काय? एकानेही नाही. आणि तेच जहाज बाँबच्या वर्षावातून त्या बंदरापर्यंत आणणाऱ्या खलाशांचा विषय निघाला की हे वाक्य हटकून येते. गणवेश असला की पगार दिसेनासा होतो. अंगात मळका सदरा असला की पगाराखेरीज दुसरे काही दिसत नाही.

नॉर्वेच्या खलाशांना हे वाक्य फार महागात पडले. युद्धाच्या आरंभी त्यांना मिळणारा जोखमीचा भत्ता इंग्रज खलाशांपेक्षा अधिक होता. इंग्रजांना ते खपेना. आपलेही खलाशी तेवढेच मागतील ही भीती. तेव्हा १९४० मध्ये असे ठरले की नॉर्वेच्या खलाशांचा भत्ता इंग्रजांच्या पातळीवर आणायचा आणि राहिलेला फरक एका निधीत साठवायचा, युद्धानंतर खलाशांच्या कामी लावायचा. निधी मात्र गुप्त. ज्याचे पैसे, त्यालाच पत्ता नाही!

युद्ध संपले. नॉर्वेची पाचशेच्या आसपास जहाजे आणि तीन हजारांहून अधिक माणसे समुद्राने घेतली होती. जे वाचले त्यांना निधीची गोष्ट कळली आणि त्यांनी आपला हिस्सा मागितला. सरकार म्हणाले, वाटणी नाही. गरजू खलाशांना आणि विधवांना त्यातून मदत करू. खलाशी न्यायालयात गेले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. देश जळून निघाला होता. ज्यांनी डोंगरात लपून शत्रूशी सामना दिला त्यांना कोणी भत्ता दिला नव्हता. विधवेच्या चुलीला आधी लाकूड द्यावे, धडधाकट माणसाने थांबावे, ही भावना वाईट कशी म्हणावी? मी स्वतः त्या मंडळात बसलो असतो तर विधवेकडे माझाही हात आधी वळला असता. पण एक पेच राहतोच. विधवेला द्यायचे ते देशाने आपल्या खिशातून द्यावे. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानाचे पुण्य कोणाच्या खात्यावर मांडायचे? गावगाड्यात सुताराला, लोहाराला सुगीच्या वेळी बलुते मिळे. ते घालताना कोणी हात आखडला तर सुतार भीक मागायला जात नसे, भांडायला जाई. बलुते हक्काचे असते, हे निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक होते.

अशा वेळी आपल्याकडे कोणी तरी गीता काढतो. फळाची आशा धरू नये, निष्काम कर्म करावे. मी शाळामास्तर आहे. आमच्या पेशाला ‘पवित्र’ हे विशेषण बहुधा पगारवाढीची गोष्ट निघाली की लागते, त्यामुळे या उपदेशाची चव मला ठाऊक आहे. निष्कामता थोर आहे यात शंकाच नाही. पण ती व्रतासारखी आहे, आणि व्रत आपले आपण घ्यायचे असते. शेजाऱ्याला एकादशी घडावी म्हणून त्याच्या पुढचे ताट ओढून घेणे, याला आपण व्रत म्हणत नाही. खलाशाने स्वतः म्हटले असते की मला काही नको, तर त्याच्या पाया पडावे. ते त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी म्हणायचे नसते, आणि तिजोरीची किल्ली कमरेला असलेल्याने तर मुळीच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. टालाबोटचा पुष्कळसा माल आगीने आणि पाण्याने खाल्ला. आता त्याच्या खलाशांचे आपण उपकार मानायचे ठरवले, तर उपकाराच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की शेवटी पोचले किती? कृतज्ञता ही मनाची लहर आहे, ती फळाकडे पाहते. यशस्वी झालेल्याला जास्त मिळते, फसलेल्याला कमी. पगार असे काही विचारीत नाही. तू बोटीवर होतास? किती महिने होतास? हे घे. फळावर नजर न ठेवता केलेल्या कामाचा मान राखणारी व्यवस्था पाहायची तर ती मला पोवाड्यांपेक्षा पगारपत्रकात अधिक दिसते.

१९७२ साली नॉर्वेच्या संसदेने अखेर पैसे मंजूर केले. युद्धकाळात समुद्रावर काढलेल्या दर महिन्यामागे १८० क्रोनर. एप्रिल १९४० पासून टालाबोट बुडेपर्यंत जो त्यावर राहिला असेल, त्याचे चोवीस महिन्यांचे ४,३२० क्रोनर झाले. पण हे पैसे हक्क म्हणून दिले गेले नाहीत. न्यायालयाचा निकाल तसाच राहिला. कृपा म्हणून दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर ती पोस्त होती. मध्ये सत्तावीस वर्षे गेली होती आणि कित्येकजण ती घ्यायला उरले नव्हते. तरीही, महिने मोजून दिलेली पोस्त होती, हे मी त्या संसदेच्या बाजूने नमूद करतो. तिचा चेहरा पगाराचा होता.

त्याच समुद्रांवर, तसल्याच तांड्यांत, ब्रिटिश जहाजांवर आपलीही माणसे होती. रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी बॉयलरपाशी आणि डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती भटारखान्यात. पाणतीर त्यांना गोऱ्या खलाशांइतकाच लागे. पगार त्यांचा गोऱ्यांच्या पगाराच्या एका लहानशा हिश्श्याएवढा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत पगारवाढीसाठी जहाजे हाकायचे नाकारले, तेव्हा शेकडोंना तुरुंगात धाडले. मग थोडी वाढ दिली. नॉर्वेच्या खलाशाचा जो फरक कापला तो कोठे तरी लिहून तरी ठेवला होता. या माणसांच्या पगारातल्या फरकाचे खाते कोणी उघडलेच नाही. मुंबईत मशीद बंदराला, हिंदी खलाशांच्या वसतिगृहात, त्या युद्धात समुद्रावर गेलेल्यांच्या नावांची एक वही जपून ठेवलेली आहे. तीत सहा हजारांहून अधिक नावे आहेत.