रोख कंपनीला, उधारी दुकानाला

मोबाईलवरच्या खरेदीत नीती-अनीतीचा प्रश्न आहे, असं म्हटलं की बोलणं लगेच ‘देशी की परदेशी’वर जातं. 2018 साली फ्लिपकार्टची बहुतांश मालकी वॉलमार्टकडे गेली, हे खरंच. पण सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात राहणाऱ्याला हा प्रश्न किराणा दुकानाच्या वहीत दिसतो.

ताकारी-टेंभू उपसा योजनांचं पाणी आलं आणि हा दुष्काळी मुलूख उसाकडे वळला. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत कारखान्यानं एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यावी, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण बिलं लांबल्याच्या, तुकड्या-तुकड्यांनी आल्याच्या तक्रारी राज्यात हंगामागून हंगाम होत असतात. घरातलं तेल, चहापूड काही बिलासाठी थांबत नाही. दुकानदार लांबोडकी वही काढतो, नावापुढं आकडा मांडतो आणि ‘बिल आलं की देतो’ एवढ्या शब्दावर पिशवी भरून देतो. व्याज नाही, जामीन नाही. घाऊक व्यापारी मात्र त्याच्यामागं तगादा लावतो.

मग बिल जमा होतं. वहीत थोडे टेकवले जातात आणि उरलेल्या रोखीतून तेलाच्या डब्यासकट महिन्याचा बाजार मोबाईलवर होतो, कारण तिथं शे-दोनशे वाचतात. दुकानदाराला तो भाव का परवडत नाही? कंपनीइतकी मोठी खरेदी त्याच्या आवाक्यात नाही, हे एक. दुसरं असं की, रोखीनं स्वस्त माल उचलायला लागणारं भांडवल आपल्याच नावावर वहीत अडकलेलं असतं. त्याच्या महागाईत आपली थकबाकी आहे. स्वस्त घेणं हा गुन्हा नव्हे. पण अडीनडीला एकानं थांबायचं आणि हातात पैसा आला की नफा दुसऱ्यानं न्यायचा, हा अन्याय आहे.

दुकानाची आरती ओवाळायचंही कारण नाही. गावच्या दुकानात कोण काय नेतं, कुणाची किती थकली, हे चार माणसांसमोर उघडं पडतं. सॅनिटरी पॅड मागताना पोरगी आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघते. एमपीएससीच्या पुस्तकासाठी विटा नाहीतर कराड गाठावं लागायचं, ते आता दारात येतं. ही मोकळीक सोडा असं मी कुणाला सांगणार नाही.

तालुक्यातल्याच वांगीला सोनहिरा सहकारी साखर कारखाना उभा आहे. ऊस घालायला आपण सहकार केला. मीठ-मिरची घेताना मात्र जो तो एकटा. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल घाऊक भावात वाटते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात वारणा बझार सहकारावरच उभा राहिला. कडेगावच्या एखाद्या गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांनी मागची बाकी मिटवून महिन्याची यादी आणि आगाऊ रक्कम गल्लीतल्याच दुकानदाराच्या हाती दिली, तर घाऊक बाजारात तोही रोखीनं घासाघीस करू शकेल.