बसऱ्याची लढाई

आमच्या घरातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत एक पदक आहे. रुपयापेक्षा मोठं, पितळेसारखं दिसणारं. एका बाजूला पंख असलेली बाई, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं, आणि कडेवर बारीक कोरलेला पणजोबांचा पलटणीतला नंबर नि नाव. अशी तीन होती, असं आजी सांगायची. ताऱ्याच्या आकाराचं होतं ते पोराठोरांनी खेळता खेळता हरवलं. दुसरं चांदीचं. ते १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडं गेलं आणि घरात ज्वारी आली. तिसऱ्याला सोनार म्हणाला, "ह्याचं काय येनार न्हाय." म्हणून ते राहिलं.

हायस्कुलात गेल्यावर मी ती इंग्रजी अक्षरं लावली. 'संस्कृतीसाठी झालेलं महायुद्ध, १९१४ ते १९१९' असा त्यांचा अर्थ. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आसंल बाबा. आमी तर बसऱ्याची लढाई म्हनायचो."

आमची कामथडी पुणे-सातारा रस्त्यावर. पुणं पूर्वी दिवसभराच्या चालीवर. तालुक्याचा बराच भाग तेव्हा भोर संस्थानात, म्हणजे वर पंतसचिव आणि त्यांच्याही वर इंग्रज. डोंगरपायथ्याची तुकड्यातुकड्यांची शेती, पावसाच्या भरवशावरची. एका भावानं जमीन कसायची आणि एकानं बाहेर जाऊन रोकड आणायची, ही तेव्हाची रीत. कुणी मुंबईला गिरणीत गेला, कुणी भाटघरच्या नव्या धरणाच्या कामावर गेला. पणजोबा पलटणीत गेले. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. सावकाराच्या वहीत घराचं नाव होतं. एवढं कारण पुरेसं होतं.

युद्धाचं कारण मात्र त्यांना कुणी सांगितलं नसणार. एका बाजूला इंग्रज, फ्रेंच, रशियन. दुसऱ्या बाजूला जर्मन, ऑस्ट्रियन आणि तुर्क. सगळीच साम्राज्यं, सगळ्यांनाच दुसऱ्याच्या ताटातलं हवं होतं. इराणच्या आखाताशी इंग्रजांच्या तेलाचा कारखाना होता, तो राखायचा म्हणून १९१४ च्या नोव्हेंबरात पुणे डिव्हिजनची फौज फाव बंदरात उतरली. पुढं बसरा घेतलं. मग जनरल टाऊनशेंड तिला बगदादच्या दिशेनं घेऊन निघाला, बगदादच्या अलीकडं अडला आणि मागं हटून कुत नावाच्या गावात कोंडला गेला. १९१५ च्या ७ डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत वेढा पडला. जवळपास पाच महिने. धान्य संपत आलं तसे घोडे, खेचरं कापली. आपल्याकडच्या कित्येक शिपायांनी धर्मापोटी ते मांस खाल्लं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी पुष्कळांचा हात पुढं झाला नाही. शेवटी सुमारे १३ हजार जण तुर्कांच्या हाती लागले. त्यांत मराठा पलटणी होत्या. त्यांत आमचे पणजोबा होते.

जनरलसाहेबाला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना वाळवंटातून शेकडो मैल चालवलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

इकडं दोन वर्षं पत्र नाही. भावकीतल्या बायांनी पणजीला कुंकू पुसायला सांगितलं. ती म्हणाली, "पुसायचं आसंल तर सरकारनं कागद धाडावा." कागद आला नाही. १९१९ साली माणूसच आला.

पुढची तीसेक वर्षं ते जगले, पण लढाईबद्दल त्यांनी एकच गोष्ट सांगितली. चालताना भूक असह्य झाली तेव्हा वाटेवरच्या एका गावकऱ्याला त्यांनी पायातले बूट दिले आणि भाकरी घेतली. "बूट दिलं नि भाकर खाल्ली." बस. पुढचा रस्ता अनवाणी. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा मरेपर्यंत भरल्या नाहीत, हे आजीनं सून म्हणून तेल चोळताना पाहिलेलं.

हे सगळं आता सांगायचं कारण असं. आमचा एक पुतण्या फौजेत आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं विषय काढला, की गावात स्वातंत्र्यदिनाला झेंडा लागतो तिथं एक फळी लावू, तिच्यावर पणजोबांचं नाव घालू. बैठकीला आमचे निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, "नाव घालायला माझी ना नाही. पण झेंड्याखाली? ज्यानं हा झेंडा दाबून ठेवला त्याच्यासाठी ते लढले."

पुतण्या तापला. "गुरुजी, शौर्य ते शौर्य."

"न्हाय. दरोडेखोरबी शूर असतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला चटकन उत्तर देता आलं नाही.

पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ते पोटासाठी गेले, त्यात त्यांचा काय दोष? पण हे उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. १९१९ च्या १३ एप्रिलला जालियनवाला बागेत हुकूम डायरचा होता, पण बंदुकांचे चाप ओढणारी बोटं हिंदी पलटणींतल्या शिपायांचीच होती. तेही पोटासाठीच भरती झालेले. पोट हे कारण आहे, पण ते सगळंच माफ करत नाही.

दुसरं असं, की त्या वेळी शहाण्यांनाही वाट नीट दिसत नव्हती. टिळक भरतीला तयार होते, पण स्वराज्याच्या अटीवर. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नरानं त्यांना मध्येच अडवलं तेव्हा ते उठून बाहेर पडले. त्याच साली गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव भरतीसाठी फिरत होते. त्यांना वाटलं, युद्धात मदत केली तर स्वराज्य मिळेल. मिळाला रौलट कायदा. एवढ्या मोठ्या माणसांचा हिशेब चुकला, तर अक्षरओळख नसलेल्या मावळातल्या शेतकऱ्याकडून आपण कसला जाब मागायचा? ज्याला जेवढी निवड, त्याच्यावर तेवढी जबाबदारी. टाऊनशेंडला निवड होती. लंडनला आणि बर्लिनला बसलेल्यांना होती. पणजोबांना होती ती एवढीच, की उपासमार घरात काढायची का बाहेर.

पण 'एवढीच' म्हणताना मी थांबतो. कुतला कोंडले जाण्याआधी एक वर्ष ते लढत होते. त्यांची गोळी कुणाला लागली असेल? समोरचा तुर्की शिपाई म्हणजे अनातोलियातल्या एखाद्या गावातला शेतकऱ्याचाच पोर. त्याच्याही बायकोनं कागदाची वाट बघितली असेल. त्याचं नाव आमच्या फळीवर येणार नाही.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात गेले, म्हणून त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आणखीही कित्येक गावांत इंग्रजांनी बसवलेले दगड आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले, एवढंच त्यांवर लिहिलेलं असतं. कुणासाठी गेले, ते नसतं. गुरुजींचं खरं म्हणणं तेच होतं, हे मला दोन दिवसांनी उमगलं. त्यांना पणजोबांची अडचण नव्हती. त्यांना अर्धवट दगड नको होता.

मी पुतण्याला म्हणालो, "सन्मान वेगळा नि आठवण वेगळी. सन्मान कामाचा करतात, आठवण माणसाची ठेवतात." त्याला ते पुरतं पटलं नाही. पण शेवटी मजकूर ठरला. पणजोबांचं नाव, पलटण, 'इंग्रज सरकारच्या फौजेतून इराकात लढले, कुतला कैद झाले, १९१९ साली परत आले.' फळी झेंड्याशी नाही, गावात येण्याच्या रस्त्याकडंला लावायची. गुरुजींनी स्वतः शुद्धलेखन तपासलं.

त्याच रस्त्यानं पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. आता देश आपला आहे, फौज आपली आहे. तरी धावणाऱ्यांत निम्म्यांच्या घरी शेत अर्धा-एक एकर असतं, हे मला ठाऊक आहे. दम खायला थांबली की त्यांनी ती फळी वाचावी. आणि घरी जाऊन विचारावं, की ही लढाई कुणाची होती.

पदक पेटीत आहे. ते फळीवर लावा म्हणाले, मी दिलं नाही. त्याच्यावर जे लिहिलंय ते खरं नाही.