गाडीखाली वाक, मग बोल

"सर, दोनच इंच उचललीय," असं तू परवा फोनवर सांगितलंस, आणि वर "आता कुठंच अडत नाही" असंही म्हणालास. ही दोन वाक्यं बोलताना तुझी जीभ अडखळायला हवी होती. दोन वर्षं माझ्यासमोर बसून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलास. स्वतःची पिकअप घेतलीस आणि तिचं मागचं सगळं अंग पाटेवाल्याच्या भरवशावर सोडून दिलंस. मागे दोन पाटे वाढवले, हाउसिंग आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घातला, लांब यू-बोल्ट आवळले आणि बिल दिलं. पुढच्या बाजूला हात नाही, ब्रेककडे नजर नाही. गाडीखाली वाकून बघायला किती वेळ लागतो? तेवढाही तू दिला नाहीस, आणि याचा मला राग आहे.

मला आधी हे सांग, गाडी अडत होती ती कशाने? तू म्हणतोस, सातगाव पठारावर बटाट्याच्या काढणीला गेलो की रुतायची. बरोबर आहे. कुरवंडी, पेठेकडच्या शेतवाटांवर पावसात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. त्या उंचवट्यावर पिकअप टेकते ती डिफरन्शिअलच्या गोळ्यावर. तो गोळा हाउसिंगचा भाग आणि हाउसिंग दोन चाकांच्या मधे. पाटे त्याच्या वर. मग पाटे वाढवून वर काय गेलं? चेसिस गेली, हौदा गेला, केबिन गेली. गोळा जमिनीपासून जितका होता तितकाच आहे, एक मिलिमीटरसुद्धा हललेला नाही. तो वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो, आणि व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एक इंचाने उचलला जातो. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. पैसे मोजायच्या आधी ती आकृती आठवायला हवी होती.

उंची वाढवणं मुळातच चूक आहे असं मी कधी शिकवलेलं नाही. आहुप्याकडे किंवा घाटघरच्या अंगाला जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर, पायदान, हौद्याची मागची कड दगडाला घासत असेल, तर दोन इंचांचा उपयोग होतो. पण मग तसं मोजायचं. कुठं घासतं, किती घासतं, रिकामी असताना की भरल्यावर, हे बघायचं. तू मोजलं नाहीस. दुसऱ्याची गाडी उंच दिसली म्हणून तूही उचललीस.

आणि ही गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे, हे विसरलास कसा? ताकद फक्त मागच्या दोन चाकांना आहे, त्यातही साधा डिफरन्शिअल. एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की दुसरं नुसतं बघत राहतं. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे, इंजिनाच्या बाजूला असतं, मागची चाकं हलकी. त्या हलक्या चाकांवर तू कडक पाटे चढवलेस. सात पाट्यांच्या गठ्ठ्यात तेवढ्याच जाडीचे दोन घातले तर कडकपणा साधारण पाव पटीहून थोडा जास्तच वाढतो. आता खडबडीत चढावर रिकामी गाडी घाल. चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी उडेल, आणि उडालेलं चाक गाडी ढकलत नाही. वर तो ठोकळा. पहिल्या गिअरमध्ये जोर लागला की हाउसिंग स्वतःभोवती पिळायला बघतं. मधे ठोकळा असला की त्या पिळाला जास्त तरफ मिळते, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि मागचं अंग थडथडायला लागतं. पकड वाढावी म्हणून पैसे घातलेस आणि पकड कमी करून घेतलीस. पुढचं मूळ उंचीवर ठेवून फक्त मागचं उचललंस म्हणून कॅस्टरही कमी झाला. वळणानंतर स्टीअरिंग पूर्वीसारखं आपोआप सरळ होत नाही, असं जाणवलं असेल. जाणवूनही तू कारण शोधलं नाहीस.

आता ब्रेक. इथं मी तुला सहज सोडणार नाही.

मागच्या हाउसिंगपासून चेसिसकडे जाणारी एक बारीक दांडी बऱ्याच पिकअपना असते. तिच्या वरच्या टोकाला ब्रेक ऑइलचा व्हॉल्व्ह असतो. त्याचं काम तुझ्याकडून मी तोंडपाठ करून घेतलं होतं. गाडी रिकामी असली की हौदा वर असतो, दांडी तसं कळवते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला दाब कमी देतो, कारण हलकी चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. म्हणजे त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त हौदा आणि हाउसिंग यांच्यातलं अंतर कळतं. ते अंतर तू दोन इंचांनी वाढवून ठेवलंस. आता हौद्यात बटाट्याच्या गोण्या असोत की टोमॅटोचे क्रेट, व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. सगळा भार पुढच्या ब्रेकवर.

अशी गाडी घेऊन तू नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून रात्री माळशेजमार्गे वाशीला जातोस. मढ सोडल्यावर पुढे काय आहे ते तुला मी सांगायचं का? उतार, धुकं, ओला रस्ता, कड्यावरून पडलेले दगड आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे. त्या उतारावर पुढच्या डिस्क तापत जातात, ऑइल तापतं, पेडल खाली जायला लागतं. त्या वेळी मागची दोन चाकं कामाला हवी असतात, आणि तू ती कामातून काढून टाकली आहेस. पाटेवाल्याने दांडीचा ब्रॅकेट दोन इंच वर घेतला असता तरी अर्धंच काम झालं असतं. पाटे कडक झालेत, त्यामुळे तेवढ्याच वजनाला गाडी पूर्वीइतकी बसतच नाही आणि व्हॉल्व्हला वजन कमीच भासतं. त्याची सेटिंग पाट्यांच्या कडकपणाशी जुळवून करावी लागते. जिथं ती करता येत नाही तिथं पाटे वाढवायचे नसतात.

आणखी एक. "आता माल भरला तरी गाडी बसत नाही," हे तू अभिमानाने सांगितलंस. अरे, बसणं हे गाडीचं बोलणं आहे. भार किती झाला ते ती तशीच सांगते. पाटे वाढले म्हणून हाउसिंग वाढलं का? बेअरिंग मोठं झालं? टायरवर लिहिलेला भार बदलला? ब्रेकचे लायनर रुंद झाले? यातलं काहीही झालेलं नाही. तुझी गाडी १.७ टन पासिंगची आहे. एका क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो आणि क्रेटचं स्वतःचं दीड-दोन किलो धर. पंच्याहत्तर क्रेट झाले की तुझी हद्द जवळजवळ संपली. त्याहून जास्त लादताना पूर्वी गाडी खाली बसायची, तुला भीती वाटायची आणि तू थांबायचास. आता भीती वाटत नाही म्हणून थांबत नाहीस. दोन इंचांनी तुझं सगळ्यात मोठं नुकसान हेच केलं.

गुरुत्वमध्याचं गणित तुला येतं, म्हणून तेही करून टाक. दोन चाकांमधलं अंतर समज १४० सेंटीमीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ९० सेंटीमीटरवर. निम्मं अंतर भागिले उंची, ०.७८. उंची ५ सेंटीमीटर वाढव, ०.७४. फरक लहान आहे, तो फुगवून मी तुला घाबरवणार नाही. पण हा हिशेब हलत नाही अशा मालाचा आहे. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की याच हौद्यात तू शर्यतीचे बैल उभे करतोस. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवला, तेव्हा गावागावात गुलाल उधळला. आनंदच आहे. पण उभ्या बैलाचं वजन हौद्याच्या फळीच्या वर असतं, आणि वळणावर तो बाहेरच्या अंगाला रेलतो. दोन खिलारांचं वजन नको त्या क्षणी नको त्या बाजूला जातं. तिथं तुझ्या आकडेमोडीतला लहान फरक लहान राहत नाही. ज्याने बैलांना घरच्या पोरांसारखं वाढवलंय, तो तुझ्या हाती ते बैल देतो. त्याला तू सांगितलंस का, की गाडीच्या मागच्या ब्रेकचं मला काही माहीत नाही?

आणि माणसं. लग्नाला, देवाला, कांद्याच्या लागणीला तू हौद्यात माणसं बसवतोस, हे मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये श्रावणी सोमवारी शेजारच्या खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावर मागे आली आणि खाली कोसळली. कितीतरी घरं उजाड झाली. तो अपघात पाट्यांमुळे झाला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की चढ, हौदा आणि हौद्यातली माणसं यांची ती गोष्ट आपल्या दाराशी घडली, आणि तरीही तू पुढच्या सोमवारी हौद्यात सतरंजी अंथरलीस. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नाहीत. यावर मला तुझं कुठलंही कारण ऐकायचं नाही.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण दंडाच्या भीतीने सुधारणारा विद्यार्थी मला नको आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,०००. तुझे पाटे कलम ५२ मध्ये बसतात की नाही, हा वाद तू रस्त्यावर घालशील. अपघात झाल्यावर तोच वाद विमा कंपनी तुझ्याशी घालेल.

आता काय करायचं ते ऐक. ठोकळा काढ, आजच. वाढवलेले दोन पाटे काढ. तुझे मूळ पाटे बसले असतील, कारण सहा वर्षांच्या ओझ्याने कमान जाते. हातोड्याने कमान मारून घेऊ नकोस, काही महिन्यांत पुन्हा बसतील. कंपनीच्या मापाचा नवा गठ्ठा घाल, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घाल. बसलेली गाडी मूळ उंचीवर आली की तुला हवे असलेले दोन इंच बहुतेक तिथंच भरून येतील. मागे खोल नक्षीचे टायर घे. हौद्यात खोरं, दोन पोती आणि जॅकखाली घालायला फळी ठेव. रिकामी गाडी चिखलात न्यायची असेल तर मागची हवा थोडी कमी कर आणि डांबरीवर आल्यावर लगेच भर. माल भरायचा असेल तर चिखलात शिरूच नकोस. पठारावर ट्रॅक्टर आहेत, गोण्या ट्रॉलीने रस्त्यापर्यंत येतील. त्याचं भाडं तुझ्या पाट्यांच्या बिलापेक्षा स्वस्त पडेल.

हे सगळं करूनही सायलेन्सर घासत असेल, तर मग उंचीचं बोलू. तेव्हा पुढचं-मागचं एकाच मापाने उचलायचं, शॉकअप त्या लांबीचे, ब्रेकचा रबरी पाइप ताणतो का ते बघायचं, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन मोजायचा, व्हॉल्व्ह सेट करायचा, अलाइनमेंट करायची, हेडलाइट खाली घ्यायचे, आणि आधी आरटीओत जाऊन विचारायचं. यातलं एकही काम टाळायचं असेल तर उंचीचं नाव काढायचं नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन माझ्याकडे ये. येताना दोनदा वजनकाट्यावर चढव, एकदा रिकामी आणि एकदा तू नेहमी भरतोस तेवढ्या मालाची, आणि दोन्ही पावत्या आण. पाटेवाल्याने काढून ठेवलेलं काही सामान असेल तर तेही आण. आणि जुने कपडे घालून ये, खाली तू झोपणार आहेस.