मातीचा बैल आणि पितळेचं इंजिन

बेंदूर जवळ आला की पुण्यातल्या कुंभारांच्या दुकानांपुढे मातीच्या बैलजोड्या मांडल्या जातात. त्या विकत घेणाऱ्या बहुतेक घरांत गोठा नसतो, शेतही दोन पिढ्यांपूर्वीच सुटलेलं असतं. तरी जोडी पाटावर बसते, शिंगांना हळदकुंकू लागतं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. हा बैल औताला जुंपता येणार नाही, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. मग नमस्कार नेमका कोणाला होतो?

याच्या जवळचा एक प्रश्न न्यायसूत्रांत गौतमाने हाताळला आहे. ‘गाय’ हा शब्द नेमकं काय दाखवतो, यावर तिथे चर्चा चालली आहे. समोर उभी असलेली एक गाय म्हणजे व्यक्ती. शिंगं, वशिंड, शेपूट ही तिची ठेवण म्हणजे आकृती. आणि सगळ्या गायींत असलेलं गायपण म्हणजे जाती. त्यात गौतम एक मातीची गाय पुढे आणतो. तिला व्यक्ती आहे, आकृतीही आहे. पण गायीवर प्रोक्षण करा असं सांगितलं, तर कोणी त्या मातीच्या गायीवर पाणी शिंपडत नाही. म्हणजे तिच्यात काहीतरी उणं आहे, आणि ते उणं म्हणजे जाती. शब्दाच्या अर्थात व्यक्ती आणि आकृतीइतकीच जातीही हवी, असा त्याचा निष्कर्ष.

मीमांसकांनी उलट्या बाजूने दाखला दिला. यज्ञात श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या आकाराची चिती विटांनी रचायची असते. खरा ससाणा काही विटांनी रचता येत नाही, रचता येतो तो त्याचा आकार. आणि तरी विधी त्या रचनेला श्येनच म्हणतो. मीमांसकांच्या ‘आकृती’त जातीचाही अर्थ मिसळलेला आहे, हे खरं. पण विटांचा पक्षी यज्ञात चालतो आणि मातीची गाय चालत नाही, या दोन टोकांच्या मध्ये प्रतिकृती करणारा प्रत्येक माणूस उभा असतो.

पुण्यात अशा माणसांची एक ओळखीची जागा आहे. कोथरूडला कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या छोट्या शहरात सिग्नल आहेत, उड्डाणपूल आहे, सर्कस आहे आणि त्यांच्यामधून गाड्या धावतात. प्रमाण एचओ, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. दिवे लागले की मोठी माणसंसुद्धा कठड्यावर वाकून बघतात.

मात्र बाजारात मिळणारी गाडी रुळावर ठेवणं वेगळं, आणि ज्याचा तयार संच सहजासहजी मिळत नाही असं इंजिन पत्र्याच्या कोऱ्या तुकड्यापासून घडवणं वेगळं. अशा कामासाठी महाराष्ट्रातलं एखादं इंजिन निवडायचं, तर बार्शी लाइट रेल्वेचं पहिलं इंजिन घ्यावं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या मोठ्या मार्गावरच्या बार्शी रोड स्थानकापासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, तो बार्शीपर्यंत जात होता. रुळांमधलं अंतर अडीच फूट. हलक्या रुळांवर भरपूर माल न्यायचा, तर एकेका आसावर पडणारं वजन ठरावीक मर्यादेत राहिलं पाहिजे, हा कॅलथ्रॉपचा आग्रह. त्याने ती मर्यादा पाच टनांची धरली, आणि इंजिनालाही तीच लावली. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्यातून जे इंजिन आलं, त्याची ठेवण जगात विरळी होती: दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाकं, त्यांच्या मागे आणखी चार लहान चाकं, आणि पुढे आधाराचं एकही चाक नाही. ओझं सहा आसांवर वाटून घेणारं हे इंजिन काहीसं कावडीसारखं आहे. १९०६ मध्ये मार्ग पंढरपूरला पोचला. दिंडीत चालणारे चालतच राहिले. पण ज्यांचे पाय थकले होते, ज्यांना रजा मिळत नव्हती, अशा असंख्यांना आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेपर्यंत या मार्गाने नेलं. पुढे लातूर आणि मिरजही जोडली गेली. आता तिथे मोठे रूळ आहेत.

ते इंजिन आज घडवायचं म्हणजे आधी कागद. जुने आराखडे, छायाचित्रं, मापांची जुळवाजुळव. मग पितळी पत्र्यावर रेघा ओढायच्या, बारीक करवतीने कापायचं, कानशीने कड सरळ करायची, डाख देऊन जोडायचं. रिव्हेटचा एकेक ठिपका पत्र्याच्या मागून टोच्याने उठवायचा. एक ओळ तिरकी गेली की सगळा पत्रा बाद. धुरांडं लेथवर कातायचं. आठ जोडचाकं वळणावर अडकतात म्हणून आसांना केसाएवढी मोकळीक द्यायची.

आणि इथे सत्यासत्याचा पहिला पेच येतो. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग ८.७६. तयार मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचं असत्य बहुतेक जण पोटात घालतात. पुणे-मुंबई मार्गाचं इंजिन करणाऱ्याचा पेच याहून मोठा. आपला मोठा गेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणून प्रतिकृतीत रूळ १९ मिलिमीटरांपेक्षा थोडे जास्त दूर हवेत. दुकानातला एचओ रूळ मात्र साडेसोळाचा, कारण तो परदेशी गेजवरून ठरलेला. त्या रुळावर धावणारं भारतीय इंजिन पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसतं. ते चालवायचं असेल तर आकृतीशी तडजोड. आकृती जपायची तर रूळही हातानेच घडवायचा.

दुसरा पेच खोल आहे. लांबी सत्त्याऐंशी पटींनी घटली की वजन सत्त्याऐंशीच्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटतं. कॅलथ्रॉपचे एकेका आसावरचे पाच टन या हिशेबाने साडेसात ग्रॅमच्या आसपास येतात. तेवढ्या वजनाने चाकं रुळावर नुसती घसरतील, डबे ओढणं दूरच. म्हणून कारागीर बॉयलरच्या पोकळीत शिसं भरतो आणि तिथेच विजेची मोटर बसवतो. ज्या इंजिनाचा सगळा विचार वजनाभोवती फिरत होता, त्याच्या प्रतिकृतीत नेमकं वजनच खोटं निघतं! चाकांची मांडणी हुबेहूब उतरते. ती मांडणी ज्यासाठी होती, ते कारण उतरत नाही. गौतमाच्या मातीच्या गायीचं उणं इथे तराजूवर मोजून दाखवता येतं.

तेव्हा गौतमाचं म्हणणं मान्यच करावं लागतं. पितळेच्या त्या तुकड्यात इंजिनपण नाही. त्याला वाफ नाही, त्याने कधी कोणा म्हाताऱ्या वारकऱ्याला विठोबापर्यंत नेलेलं नाही.

पण बेंदराच्या पाटावरची जोडी तरी दुसरं काय आहे? ती पूजा करणारा कोणी त्या मातीत बैलपण आहे असं म्हणत नाही. नांगरणी कोणीतरी केली, तिचं ऋण आहे, आणि ज्याचं ऋण आहे तो समोर नाही. म्हणून माती पुढे ठेवून हात जोडायचे. गौतमाचा प्रश्न शब्द काय दाखवतो हा होता. बेंदराचा प्रश्न आपण कोणाचं देणं लागतो हा आहे, आणि त्याला जातीची अट लागत नाही. गणपतीच्या पार्थिव मूर्तीतही प्राण घडवला जात नाही, तो बोलावला जातो, आणि पूजेनंतर निरोप दिला जातो. इंजिनाच्या बाबतीत प्राण आधीच निघून गेलेला आहे; उरलेली आकृती कोणीतरी पुन्हा मिलिमीटर मिलिमीटरने गोळा करतो. यंत्रावरचा मोह म्हणून याला बाजूला सारणारे आहेत. पण मोह वस्तू आपल्याला हवी तशी वाकवतो. आपल्या सोयीचा पाव मिलिमीटरसुद्धा ज्याला टोचतो, त्याचं लक्ष स्वतःवरून हटलेलं असतं, आणि आपल्याकडे साधनेचं वर्णन याहून फार निराळं केलेलं नाही.

समजा, कोथरूडमधल्या एखाद्या घरात असं इंजिन पुरं झालं आणि खंडेनवमी आली. पाटावर कानस, करवत, डाखणी, लेथची पाती मांडली जातील. ती काम करतात म्हणून त्यांची पूजा. इंजिन त्या रांगेत बसत नाही, कारण ते काम करत नाही. देव्हाऱ्यातही बसत नाही, कारण तिथे कोणी त्याला बोलावलेलं नाही. मग ते पाटाशेजारी, वीतभर रुळाच्या तुकड्यावर उभं राहतं. अख्खं झेंडूचं फूल त्याच्या धुरांड्यापुढे फार मोठं होतं, म्हणून कोळशाच्या टाकीवर एकच पाकळी ठेवली जाते.