किल्ली हाती असली म्हणून

आमचे मामा बेळगावात राहतात आणि आम्ही इंदुरास. मामी वारल्यापासून ते घरी एकटेच असतात. पेन्शनचे कागद, विजेची बिले, नातवंडांची छायाचित्रे, सारे काही त्यांच्या संगणकात आहे. काही अडले की ते फोन करतात, आणि आम्ही इथल्या पडद्यावर त्यांचा संगणक उघडून अडचण दूर करतो. या सोयीने एकदा आमच्यापुढे असा प्रश्न टाकला की, त्याचे उत्तर शोधताना आम्हांला स्वतःच्याच चांगुलपणाची झडती घ्यावी लागली.

दुसऱ्याच्या घरातील संगणकाशी जोडणे वाटते तितके सरळ नाही. इंटरनेटची तार घरात येते तेथे राउटर नावाची पेटी असते. ती घरातील प्रत्येक यंत्राला एक खाजगी क्रमांक देते. हेच क्रमांक लाखो घरांत पुन्हापुन्हा वापरलेले असतात. म्हणून बाहेरून केवळ त्या क्रमांकावर कोणाला गाठता येत नाही. घरातून गेलेल्या विचारणेचे उत्तर राउटर आत येऊ देतो; न बोलावता आलेल्याला दारातूनच परत पाठवतो. हा अडथळा ओलांडण्याचा एक मार्ग म्हणजे राउटरमध्ये एखादे दार कायमचे उघडे ठेवणे. परंतु अशी उघडी दारे चाचपीत फिरणारे पुष्कळ असतात, म्हणून हा मार्ग धोक्याचा. दुसरा मार्ग असा की, दोन्ही घरचे संगणक आपण होऊन बाहेरच्या एका मध्यस्थ यंत्राला हाक देतात आणि तेथे त्यांची गाठ पडते. आम्ही हाच मार्ग धरला. दर वेळी मामांना क्रमांक विचारण्याचा त्रास नको म्हणून त्यांच्या संमतीने एक कायमचा परवलीचा शब्दही लावून घेतला. म्हणजे किल्ली आमच्या खिशात आली.

एका रात्री एक दुरुस्ती राहिल्याचे आठवले आणि आम्ही न विचारताच आत शिरलो. पडद्यावर एक पत्र उघडे होते. घराच्या वाटणीवरून ज्या धाकट्या भावाशी मामा कित्येक वर्षे बोलले नव्हते, त्याला ते लिहीत होते. आम्ही चार ओळी वाचल्या. दृष्टी वळवता आली असती, वळवली नाही. इतक्यात पडदा काळा झाला. मामा परत खोलीत आले होते आणि बाण आपोआप हलताना पाहून त्यांनी घाबरून तार उपटली होती.

सकाळी त्यांचा फोन आला. "रात्री तूच होतास ना? मला वाटलं, चोर शिरला." आम्ही क्षमा मागितली. ते थोडे थांबून म्हणाले, "बाळ, तुझ्यापासून लपवायचं असं काही नाही. पण ते पत्र अजून माझंच लिहून झालं नव्हतं."

आम्ही तर मदतीलाच गेलो होतो. मग चुकले कोठे? एकदा दिलेली परवानगी म्हणजे सदाची परवानगी, असे आम्ही धरून चाललो, तेथे चुकले. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणारा मनुष्य त्याला आपल्या कपाटातील पत्रे वाचायला सांगत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला उशिरा उमगली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. ठक मनुष्य फोन करून असेच दूरून जोडणारे साधन उतरवून घ्यायला लावतो, त्यातील क्रमांक विचारतो आणि खाते रिकामे करतो. त्याची वाट व आमची वाट एकच. आम्हीच जर न सांगता येऊ लागलो, तर बाण आपोआप हलतो यात काही वावगे नाही, असे मामांच्या अंगवळणी पडेल. आणि चोर येईल त्या दिवशी ते तार उपटणार नाहीत. त्या रात्रीचे त्यांचे घाबरणे हेच त्यांचे खरे कुलूप होते, आणि ते आम्ही मोडीत होतो.

कोणी म्हणेल, वृद्ध माणूस आजारी पडला व परवानगी देऊ शकला नाही, तर? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर त्यांच्या धडधाकटपणी त्यांनाच विचारून ठेवावे. मामांनी नवा परवलीचा शब्द कागदावर लिहून पाकिटात बंद केला आहे व ते पाकीट शेजारी दिले आहे. ते केव्हा फोडायचे, हेही त्यांनीच ठरवले आहे. एरवी आम्ही आधी फोन करतो, ते समोर बसतात, क्रमांक वाचून दाखवतात, आणि काम संपले की जोडणी तोडल्याचे आम्ही सांगतो. यात पाच मिनिटे अधिक जातात खरी. मात्र त्याच पाच मिनिटांत मामांच्या गुडघ्याची चौकशी होते.

आपल्या मंडळीतील तरुण मुले आजीआजोबांच्या फोनला व संगणकाला हात लावतात, ते बहुधा प्रेमानेच. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्यांना या कौशल्याबद्दल शाबासकी जरूर द्यावी. पण एक प्रश्नही विचारावा: आत जाण्यापूर्वी तू विचारलेस काय?

ते पत्र पुढे गेले की नाही, आम्हांला ठाऊक नाही. आम्ही विचारलेले नाही.