पोढी, मोरचूद आणि गोगलगाय

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांत एक शिलालेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने त्या वेळच्या कालगणनेतल्या ४६व्या वर्षी पुण्यासाठी एक पोढी आणि एक मंडप दिला, अशी नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान केल्याचं कोरलंय. पाणी देणं हे पुण्य, एवढं कातळावर लिहिलेलं आहे. ते पाणी प्यायचं कसं, याचा नियम मात्र विनयात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांत होता: पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असेल, तर ते पाणी वापरायचं नाही. म्हणून भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळायचं फडकंही असे. ७व्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने पाणी कसं गाळावं आणि अडकलेले जीव परत पाण्यात कसे सोडावेत, हे बारकाईने लिहून ठेवलंय. जैन परंपरेतही गाळण्यात राहिलेली जिवाणी, म्हणजे अडकलेले जीव असलेलं पाणी, कुठेही झटकायची नसते. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत जाते.

पाण्यातल्या जिवांचं काय करायचं, हा प्रश्न आज घरातल्या काचेच्या टाकीत नव्याने उभा राहतो. नवा मासा आणला की जाणकार त्याला आधी वेगळ्या टाकीत, क्वारंटाइनमध्ये ठेवतात. अंगावर पांढरे ठिपके दिसले तर औषध सोडतात, आणि पुष्कळदा ते तांब्याचं असतं. मासा बरा होतो, टाकी रिकामी होते. मग वाटतं, हिच्यात लाल चेरी श्रिम्प ठेवावेत, दोनचार गोगलगायी सोडाव्यात. इथेच घात होतो. समुद्री माशांच्या उपचारात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं ठेवतात. मासा ते सोसतो, पण कोळंबीच्या जातीचे बहुतेक जीव त्याच पाण्यात मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतलंय. म्हणजे जे पाणी माणूस निर्धास्त पितो, ते या जिवाला विष ठरू शकतं. कोळंबीचं रक्त निळसर असतं ते तांब्यामुळेच. रक्तापुरतं तांबं तिला हवंच असतं, पण ते जरा वाढलं की कल्ल्यांतून क्षार आत घेण्याचं काम थांबतं.

शिवाय पाणी बदललं म्हणून तांबं जात नाही. चुनखडीच्या वाळूवर, प्रवाळाच्या तुकड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात ते बसून राहतं. पुढे पाणी जरा आम्ल झालं की पुन्हा विरघळतं. औषध देणारा ते विसरलेला असतो.

द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या परिसरात हेच तांबं मोरचूद म्हणून ओळखीचं आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या मिलार्देने १८८५ मध्ये ते जगापुढे ठेवलं. फवारणीआधी त्यात लोखंडी विळ्याचं पातं बुडवायची रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळं तांबं उरलंय आणि पानं करपणार, असं समजून आणखी चुना घालतात. पानाचा जीव धोक्यात घालण्याआधी लोखंडाला विचारून घेण्याची ही रीत फार मोलाची आहे.

काचेच्या टाकीपाशी मात्र लोखंडाच्या जागी गोगलगाय येते. टाकी शुद्ध झाली का हे बघायला आधी एखादी स्वस्तातली गोगलगाय सोडा, जगली तर महागडे श्रिम्प सोडा, असा सल्ला सर्रास मिळतो. ती शंखात मिटून तळाशी पडली किंवा पाण्याबाहेर चढू लागली, की पाणी वाईट. हा सल्ला उपयोगी आहे यात शंका नाही. तो योग्य आहे का, हा खरा प्रश्न.

बौद्ध विचारात कर्माचं वजन हेतूवर ठरतं. जीव आहेत हे माहीत नसताना पाणी वापरलं, तर भिक्षूला दोष लागत नाही. जैन आचार्य उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडतं: मारायचं मनात नव्हतं हे पुरेसं नाही, काळजी घेतली होती का ते सांगा. वाळूत राहून गेलेल्या तांब्याला हा दुसरा प्रश्नच लागू पडतो. परीक्षेच्या गोगलगायीला तर दोन्ही प्रश्न लागतात. ती मरू शकते हे माहीत असतं, आणि म्हणूनच तिला आत सोडलेलं असतं.

पाणी गाळायच्या फडक्याचा एक उलटा इतिहासही आहे, आणि तो टाळून अहिंसेवर बोलणं खरं होणार नाही. नारूचा जंत पाण्यातल्या सायक्लॉप्स या कोळंबीच्या दूरच्या, डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या भावंडातून माणसाच्या पोटात जाई. मंचरला आहे तशी पायऱ्यांची बारव असली, की रोग्याचे पाय थेट पाण्यात. नारू निर्मूलनात लोकांना पाणी गाळायला शिकवलं, स्रोतांत लिटरला १ मिलिग्रॅम टेमेफॉस सोडलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांत होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तेच गाळणं, पण इथे सायक्लॉप्स मारायचेच होते. पायातून हातभर जंत निघणाऱ्या माणसाच्या यातना पाहिल्यावर त्याला चूक कोण म्हणेल? तिथे गरज होती. छंदाच्या टाकीला तशी गरज सांगता येत नाही.

जुन्नर तालुक्यात आळे इथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं मानतात त्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जनावराला समाधी देणारा हा मुलूख आहे. पण रेड्याला डोळे आहेत, हंबरणं आहे. कोळंबी ओरडत नाही. ब्रिटनने २०२२ च्या प्राणी संवेदना कायद्यात खेकडा आणि कोळंबी यांना घेतलं, गोगलगायीला नाही. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राण्याला ‘प्राणी’ म्हणतो. त्यात ती स्वस्त गोगलगायही आली.

म्हणून क्रम बदलायला हवा. तांबं वापरलेल्या टाकीतली वाळू, दगड आणि स्पंज पुन्हा वापरू नयेत. काच व्हिनेगरने धुऊन, साध्या पाण्याने खळबळून घ्यावी. नव्या पाण्यात सक्रिय कोळसा ठेवून काही दिवस टाकी चालवावी आणि तांब्याच्या टेस्ट किटने पुन्हा पुन्हा तपासावं. पाण्याला मुद्दाम जरा आम्ल करूनही एकदा पाहावं, कारण लपलेलं तांबं तेव्हाच वर येतं. इतकं करूनही शंका राहिली तर ती टाकी माशांच्या दवाखान्यापुरतीच ठेवावी. आणि पहिला जीव सोडायचा तो टाकाऊ म्हणून नव्हे, आपला म्हणून. शेजारी जुन्या पाण्याचं भांडं भरलेलं, जाळी हाताशी, आणि पहिला तासभर समोरून हलायचं नाही.

राहिलं धुण्याचं पाणी. ते मीना किंवा घोड नदीत ओतायचं नाही. तिथे दगडाखाली खेकडे आहेत, शेवाळात कोळंबीची पिल्लं आहेत. आधी ते बादलीतच कोळशावरून फिरवून घ्यावं, आणि किटमध्ये रंग उमटेनासा झाला की मगच बादली रिकामी करावी.